टेकडी राहिली, वाट गेली

पुण्यात टेकडीसाठी माणसं लगेच जमतात. यात टिंगल नाही. जमतात म्हणून तर वेताळ टेकडी अजून टेकडी आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये बालभारती-पौड फाटा रस्ता आणि बोगद्यांच्या विरोधात मोर्चा निघाला, तेव्हा एरवी मोर्चा म्हटलं की खिडकी लावून घेणारी मंडळीसुद्धा घाम पुसत चालली. पण गंमत अशी, की टेकडी म्हटल्यावर प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर एकच टेकडी येते. आपली. जिच्यावर आपण सकाळी जातो, जिथल्या बाकावर आपला ग्रुप बसतो, जिथल्या मोरांवर आपला हक्क आहे. तिथून समोर दिसणारी दुसरी टेकडी ‘त्यांची’. आणि आपली व त्यांची यांच्या मधे जे काही आहे, ती खिंड, तो ओढा, ते चार गुंठे पडीक रान, ते कुणाचंच नाही. त्यासाठी मोर्चा निघाल्याचं मला तरी आठवत नाही.

टेकड्यांचं भांडण आपण बऱ्यापैकी लढलो, असं मी म्हणेन. हरतोय ते मधल्या जागांत.

मी बावधनला राहते. आमच्याकडून एक टेकडी मागे दिसते आणि एक समोर, कोथरूडच्या अंगाची. मधे महामार्ग. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्यरात्री स्फोट करून पाडला, तेव्हा अर्धं पुणं टीव्हीसमोर जागं होतं. पुढच्या ऑगस्टमध्ये नवा चौक सुरू झाला. मोटारीने इकडून तिकडे जायला तिथे इतके रॅम्प आहेत, की एक वळण चुकलं तर माणूस साताऱ्याच्या दिशेने निघतो. पायी जाणाऱ्याचा विचार मात्र सगळ्यात शेवटी झाला. चांदणी चौक काय, सूस खिंड काय, गणेशखिंड काय, रस्त्याला नेहमी खिंडच लागते. साहजिक आहे. डोंगर जिथे आपणहून वाकलाय तिथून जाणं सोपं. पण जनावराला आणि पायी माणसालाही तीच जागा सोयीची असते, आणि हा विचार रस्त्याची आखणी करणाऱ्यांच्या कागदावर कुठे येत नाही.

९ डिसेंबर २०२० ला कोथरूडच्या महात्मा सोसायटीत सकाळी सकाळी गवा दिसला. मागे गर्दी, गर्दीच्या हातात मोबाइल, पुढे तो बिथरलेला गवा गल्ल्यांमधून धावतोय, हे सगळ्यांनी पाहिलं. पकडला तेव्हा तो इतका दमला होता, की वाचला नाही. दोनेक आठवड्यांत दुसरा गवा आमच्या बावधनच्या बाजूला आला. या वेळी लोकांना लांब ठेवलं, घाई केली नाही, आणि तो रानाकडे परत गेला. पहिल्याच्या वेळी सगळे म्हणत होते, ‘गवा शहरात घुसला.’ पश्चिमेला मुळशीचं रान, मधे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा, म्हणजे एनडीएचा, सुमारे ७ हजार एकरांचा परिसर, त्याला लागून टेकड्या. त्या गव्याच्या बाजूने विचार केला तर तो कुठे घुसला नव्हता. तो चालत होता, आणि चालता चालता रान संपलं.

जाता जाता एक सांगते, लोकांना आवडणार नाही. मी लष्करी कुंपणांची फार आभारी आहे. आत जाता येत नाही म्हणून कुरकुर करणाऱ्यांत मीही असते, पण एनडीए, पाषाणच्या संरक्षण प्रयोगशाळा, खडकीचे लष्करी भाग यांना तारा नसत्या, तर पुण्याच्या पश्चिमेला हिरवं असं काय उरलं असतं हे कुठल्याही एजंटाला विचारा. फक्त कुंपण जपतं, जोडत नाही. जोडायचं काम कुंपणाच्या बाहेरच्यांनी करायचं असतं.

आमच्या सोसायटीच्या कन्व्हेयन्सच्या, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून घ्यायच्या, कामात भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत काढावी लागली. काम कन्व्हेयन्सचं, मी रमले नकाशात. बाहेरची ठळक रेघ म्हणजे गावाची शीव. आत गटांचे बारीक आकडे, ओढ्याची नागमोडी रेघ, आणि गटांच्या बांधांना न जुमानता मधूनच निघालेल्या काही तुटक रेघा. तिथल्या एका निवृत्तीला आलेल्या भूकरमापकांनी पेन्सिलीचं टोक ठेवून समजावलं. दोन तुटक रेघा समांतर असल्या की गाडीवाट, एकच असली की पायमार्ग. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरायची. ‘म्हणजे दोन बाया डोक्यावर भारे घेऊन समोरासमोर आल्या, तरी कुणाला बांधावर चढायला नको,’ ते म्हणाले. नियोजनाच्या पुस्तकात एवढं सरळ स्पष्टीकरण मिळायचं नाही.

त्यांतली एक एकेरी रेघ ओढ्याकडून येते, आमच्या गटातून जाते, टेकडी चढते आणि शिवेवर पोचते. तिथे नकाशा संपतो. पुढचं पाहायचं तर शेजारच्या गावाचा कागद हवा. आणि बावधनची मजा अशी, की बावधन खुर्द हवेली तालुक्यात आणि बावधन बुद्रुक मुळशीत. खुर्द महापालिकेत आलं १९९७ मध्ये, बुद्रुक २०२१ मध्ये, आणि त्यापलीकडचं भूगाव अजून ग्रामपंचायतीचं, नियोजन पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. टेकडी एकच. पूर्वी या शिवेचा अर्थ साधा होता. इथवर आमची गुरं, तिथून पुढे तुमची. वाट मात्र दोघांची, कारण दोन्हीकडे लेकी दिलेल्या. आता प्रत्येकाचा आराखडा शिवेपर्यंत येऊन थांबतो, आणि पलीकडचा आराखडा करणारा आपल्या कागदाच्या कडेला काय येऊन ठेपलंय हे विचारत नाही.

ती रेघ मी जागेवर शोधायला निघाले. आमच्या आवारात ती जनरेटरच्या खोलीमागून, कंपोस्टच्या खड्ड्यांजवळून मागच्या छोट्या गेटाशी जाते. गेटाला कुलूप, किल्ली चेअरमनकडे. गेटापलीकडे शेजारच्या सोसायटीची भिंत. म्हणजे वळसा घालून त्यांच्या मुख्य दरवाजातून जाणं आलं. तिथल्या वॉचमनने अदबीने विचारलं, ‘काकू, कुठल्या फ्लॅटला?’

‘फ्लॅटला नाही रे. टेकडीवर जायचंय.’

त्याने मोबाइलमधलं ॲप उघडलं. त्यात विंग होती, फ्लॅट होता, डिलिव्हरी होती, कामवाल्या मावशी होत्या, गाड्या धुणारा होता. टेकडी नव्हती. ‘काय टाकू?’ पोरगा खरंच विचारात पडला. शेवटी त्याने मला क्लब हाउसच्या नावाने आत घेतलं. त्यांच्या पोहण्याच्या तलावामागे पुन्हा भिंत, भिंतीत एक दार, दाराला कुलूप. दाराच्या फटीतून टेकडीवरचं वाळलेलं गवत दिसत होतं.

ही भिंत कुणी दुष्टपणाने बांधलेली नाही. जमीन महसूल संहितेप्रमाणे सार्वजनिक रस्ते आणि वाटा सरकारच्या. शेताकडे जाणारी वाट अडवली तर मोकळी करून द्यायचा अधिकार तहसीलदाराला आहे, तोही पार १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यापासून. खेड्यांत शेतकरी अजून या कायद्याने पाणंद मोकळी करून घेतात, त्यासाठी वर्षानुवर्षं तहसीलच्या पायऱ्या झिजवतात. पण गाव शहरात आलं, गट बिगरशेती झाला, लेआउट मंजूर झाला, की नव्या नकाशावर सोसायटीचे अंतर्गत रस्ते येतात आणि ती तुटक रेघ त्यांच्याखाली दबते. मुद्दाम कुणी खोडत नाही. ‘इथे वाट होती, ती दाखवा’ म्हणणारं तिथे कुणी नसतं, एवढंच. ज्यांना ती लागायची त्यांनी जमिनी विकलेल्या असतात, आणि जे राहायला आलेत त्यांना ती होती हेच माहीत नसतं.

माहीत असलेला एक माणूस मला भेटला. टेकडीच्या पायथ्याला त्यांची जमीन आहे, थोडी भाताची खाचरं, थोडा माळ. सगळे त्यांना तात्या म्हणतात, मीही म्हणते. त्यांचा टेकडीकडचा तुकडा बीडीपीत, म्हणजे जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणात आहे. १९९७ मध्ये आलेल्या गावांच्या टेकड्यांवर हे आरक्षण पडलं, एकूण ९७८ हेक्टर. वर्षानुवर्षं घोळत राहिलेला हा विषय २०१५ मध्ये सरकारने कायम केला आणि मालकांना मोबदला म्हणून ८ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, ठरवला. टीडीआर म्हणजे काय हे तात्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

‘ताई, तुमाला हवा पायजे, मान्य,’ ते म्हणाले. ‘पन ती माझ्याच जमिनीवरची का? तुमची बिल्डिंग बांधली तवा तितंबी गवतच व्हतं.’

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी वाटेचं विचारलं.

‘वाट हायेच की. ती कुटं माझी हाय? माझी आजी त्याच वाटंनं भाजी घिऊन पाषाणला जायची. म्या कंदी अडवली न्हाई.’ मग थोडं थांबून, ‘पन एक सांगून ठिवतो. आज तुमी वाट म्हनता. उद्या तिथं फरशी टाकनार, परवा दिवं लावनार, आन तेरवा म्हननार, एवढं झालंच हाय तर डीपी रोड करा.’

त्यांचा मुलगा बाजूलाच ट्रॅक्टरची ट्रॉली धूत होता. तो म्हणाला, ‘मग करू द्या की! भाव येईल.’

डीपी रोड म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, आणि बापलेकाच्या या बोलण्यात पुण्याच्या नियोजनाचा सगळा पेच आहे. तात्यांची भीती आणि वेताळ टेकडीवरच्या मंडळींची भीती शब्दश: एकच आहे. वाट म्हणजे रस्त्याचं बी, असं दोघांनाही वाटतं, आणि वाटायला कारणं आहेत. आपल्याकडे साधी पायवाट करायची म्हटलं, की तिच्यावर सिमेंटचे ठोकळे बसतात, स्टीलचा कठडा लागतो, आणि मान्यवरांच्या नावाची कमान तर आधीच उभी असते. वाटेला यातलं काही लागत नाही. तिला फक्त अडवू नये, एवढंच. पावसात चार ठिकाणी पाण्याला वाट काढून दिली, दोन ठिकाणी दगड लावले, वणव्याच्या दिवसांत कडेचं गवत कापलं, की झालं. आणि मुलाचं म्हणणंही झटकून टाकण्यासारखं नाही. टेकडीवर डोळा ठेवून शहर त्याला फक्त ‘थांब’ म्हणत आलंय. अख्खी ९७८ हेक्टर ताब्यात घ्यायची म्हटली तर मोबदल्याचा हिशोब त्याच्या नातवंडांच्या हयातीतही लागेल असं नाही. पण सव्वाआठ फुटांचा चालण्याचा हक्क नकाशावर आधीपासून आहे. तेवढ्यापुरता तात्यांशी लेखी करार करावा, त्याचे पैसे दर वर्षी द्यावेत, गवत त्यांचंच राहावं, आणि वाटेवर ताक विकायचा पहिला मान त्या पोराला मिळावा. हे मला जमीन संपादनापेक्षा कितीतरी हाताला येण्यासारखं वाटतं.

शिवेवर येऊन थांबणं हा काही नुसत्या खेड्यांचा आजार नाही. मुळा नदीच्या एका काठाला पुणे महापालिका, दुसऱ्या काठाला पिंपरी-चिंचवड. बालेवाडी आणि वाकडला जोडणारा पूल नदीवर बांधून झाला आणि नंतर वर्षानुवर्षं तसाच उभा राहिला, कारण बालेवाडीच्या बाजूच्या जोडरस्त्याला जागा मिळेना. पुलासाठी दोघांनी पैसे काढले, पण पुलाच्या टोकाची जमीन हा मधला विषय होता. इतक्या मोठ्या, मोटारींच्या पुलाची ही कथा, तर पायवाटेची काय असणार?

खरं तर आमच्या भागाला जोडणारी एक रेघ निसर्गाने आखूनच ठेवली आहे. राम नदी भूगावच्या वर खाटपेवाडीकडे उगम पावते, बावधन, पाषाण, सुतारवाडी, बाणेर करत औंधजवळ मुळेला मिळते. एकाही गावाला तिने वगळलेलं नाही. निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे, म्हणजे कागदावर तरी उगमापासून संगमापर्यंत एक मोकळी पट्टी आहे. प्रत्यक्षात राडारोड्याचे ढीग, नाल्यात सोडलेलं मैलापाणी, आणि काही ठिकाणी नदी कुठे आहे हे वासावरून शोधावं लागतं. तरीही नदीकाठच्या वाटेचं मोल मला टेकडीच्या वाटेइतकंच वाटतं, कारण ज्यांचे गुडघे टेकडीला नाही म्हणतात त्यांना ती चालते.

गुडघ्यांवरून कालव्याचं आठवलं. खडकवासल्याचा उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्याने, स्वारगेट, हडपसर करत पुढे इंदापूरपर्यंत जातो. पाणी उताराने न्यायचं तर समपातळी धरून जावं लागतं, म्हणून त्याच्या काठाला चढ असा नाहीच. तो खणला, तेव्हा कुणाच्या मनात आजी-आजोबांच्या फिरण्याचा विचार नसणार, पण इंजिनिअरांनी नकळत पुण्याला पूर्व-पश्चिम सगळ्यात सपाट पायवाट देऊन ठेवली. आता खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत पाणी बोगद्यातून न्यायची योजना आहे. ती झाली की शहरातली कालव्याची जागा मोकळी होणार. त्या जागेवर कुणाकुणाचे डोळे आहेत हे सांगायला ज्योतिषी नको. माझं मत विचाराल तर तिथे एकही चाक जाऊ नये. सायकलचं आणि व्हीलचेअरचं सोडून.

मोठ्या पल्ल्याचं स्वप्न बघायचं तर दक्षिणेला बघावं. जुन्या कात्रज बोगद्यावरच्या वाघजाईच्या देवळापासून सिंहगडापर्यंत डोंगराच्या धारेवरून लोक चांदण्या रात्री चालत जातात. टेकड्या तेरा की सोळा यावर चालणाऱ्यांचं एकमत नाही. उजवीकडे पुण्याचे दिवे, डावीकडे शिवापूरच्या खोऱ्यातला अंधार, आणि सकाळी गडावर पिठलं-भाकरी. या वाटेला ना पाटी, ना कमान, ना कुठल्या खात्याचं नाव, आणि तरी ती पिढ्यान्पिढ्या चालू आहे. हीच भुलेश्वरची रांग कात्रजवरून पुढे पूर्वेला बोपदेव घाट, कानिफनाथ, दिवे घाट, मल्हारगड करत भुलेश्वरापर्यंत जाते. सिंहगड ते भुलेश्वर अशी एक सलग वाट डोंगरानेच दिलेली आहे. अलीकडे धारेच्या दोन्ही अंगांनी प्लॉटिंगचे झेंडे वर चढत येताहेत, तेव्हा ही वाट गावांच्या नकाशांत पक्की करून घ्यायला फार वेळ उरलेला नाही.

आणि या रांगेला आडवी छेदून जाते ती वारी. ज्ञानोबांची पालखी पुण्याच्या मुक्कामानंतर हडपसरवरून दिवे घाट चढून सासवडला जाते. शेजारशेजारच्या गावांना पायी जोडणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको खरं तर. कोणत्या गावात विसावा, कुठे मुक्काम, कुणाकडे पाणी, कुणाकडे भाकरी, हे सगळं ठरलेलं असतं आणि दर वर्षी निभावलं जातं. वाट नुसत्या जमिनीची नसते. ती ज्या ज्या गावातून जाते त्याने आपल्या वाट्याचं काम उचललेलं असतं. पालखी मार्गाच्या रुंदीकरणाचं भूमिपूजन २०२१ मध्ये झालं तेव्हा दोन्ही बाजूंना वारकऱ्यांना चालायला वेगळी वाट ठेवू असं सांगितलं गेलं. ती वर्षाचे बारा महिने चालती राहिली, तिच्या कडेला झाडं जगली, तर तिच्याइतकं लांबलचक मोकळं मैदान महाराष्ट्रात दुसरं नसेल.

माझी मुलगी सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या काठच्या एका गावात असते. (पुण्यातल्या लेखात हे वाक्य आलं नाही तर लेख पुरा होत नाही.) तिथे खाडीभोवतीच्या डोंगरांच्या धारेवरून ५५० मैलांची एक वाट आखली आहे. पहिला तुकडा १९८९ मध्ये खुला झाला आणि वाट अजूनही पुरी झालेली नाही. उद्यानं, पाणीपुरवठ्याच्या राखीव जमिनी, गुरांची कुरणं, खासगी मालक, सगळ्यांतून ती जाते. मला त्यातलं काय आवडलं तर त्यांच्या नकाशावर जिथे वाट तुटते तिथे ती तुटलेली दाखवली आहे. आपल्याकडच्या आराखड्यात सगळ्या रेघा सलग असतात. २०१७ च्या सायकल आराखड्यातही होत्या. जमिनीवर सायकल ट्रॅक कुठे सुरू होतो, रोहित्राशी कुठे आपटतो आणि कुठे नाहीसा होतो, हे सायकल चालवणाऱ्यांनी सांगावं.

म्हणून आम्ही काही जण सध्या तुटलेल्या जागांची यादी करतोय. बावधन खुर्दच्या नकाशावर त्या एकेरी रेघा लाल पेनाने गिरवल्या आणि कुठे भिंत, कुठे गेट, कुठे राडारोडा ते जागेवर जाऊन टिपलं. बुद्रुकच्या नकाशाची प्रत मुळशीतून आणायची म्हणून पौडला अर्ज दिलाय. दोन्ही कागदांच्या कडा एकमेकांना तंतोतंत जुळणार नाहीत असं भूकरमापकांनी आधीच बजावलंय. शिवेवरचा एखादा दगड जागेवर सापडला तर बरं, म्हणाले.

आमच्या सोसायटीने मागचं गेट पहाटे साडेपाच ते नऊ उघडं ठेवायला होकार दिला आहे, किल्ली वॉचमनकडे. शेजारच्या सोसायटीची अट अशी, की येणाऱ्यांनी कुत्री आणायची नाहीत. आमच्यातल्या तिघांची अट अशी, की कुत्र्यांसकट. त्यावर दोन्ही चेअरमनांची बैठक व्हायची आहे, आणि पाटीवर ‘प्रवेश’ लिहायचं की ‘रहदारी’ यावर एक उपसमितीही नेमली गेली आहे. पुणं म्हटल्यावर हे आलंच.

तात्यांकडे कराराचा मसुदा घेऊन जायचं आहे. ‘या कवाबी,’ म्हणाले, ‘पन पावसाच्या आत या. एकदा लावनी सुरू झाली, की मला वाटंवर गप्पा मारायला टाइम न्हाई.’